कोरड्या रस्त्यावर फोरएच लावलं, आता गाडी जखडते आणि लिव्हर निघत नाही: काय तपासायचं आणि कुठं थांबायचं

फोर बाय फोर गाडीत फोरएच म्हणजे चारही चाकांना ताकद आणि टूएच म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना. आधी लक्षणं सांगतो, तुमच्याशी जुळतायत का बघा.

पार्किंगमध्ये किंवा यू-टर्नला गाडी हँडब्रेक अर्धा ओढल्यासारखी अडते, ॲक्सिलरेटर सोडला की जागेवर उभी. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढची चाकं सरळ न फिरता उड्या मारल्यासारखी सरकतात, टायर चिरकतात, फरशी किंवा पेव्हर ब्लॉकवर काळे पट्टे उमटतात. स्टिअरिंग जड होतं आणि हातातून सुटून स्वतःच सरळ व्हायला बघतं. वळण संपताना खालून एक मोठा खट्ट आवाज येतो. आणि ज्याचे सगळ्यात जास्त फोन येतात ते म्हणजे फोरएचमधून टूएचला लिव्हर हलतच नाही, किंवा हलली तरी मीटरवरचा फोर बाय फोरचा दिवा जात नाही. काहींना यातलं काहीच जाणवत नाही, फक्त टायर कडेनं करवतीसारखे घासलेले दिसतात आणि ॲव्हरेज पडलेलं असतं.

अशी गाडी आली की मालक बहुतेक वेळा घाबरलेला असतो, कुणीतरी त्याला "ट्रान्सफर केस गेली, मोठा खर्च आहे" असं सांगून ठेवलेलं असतं (ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा). माझं म्हणणं एवढंच की यातल्या बहुतेक गाड्यांत मोडलेलं काहीच नसतं, फक्त पीळ बसलेला असतो. मोडतं ते नंतर, लिव्हरवर जोर लावल्यावर. म्हणून खालच्या क्रमानं जा, वरच्या गोष्टींना पैसे लागत नाहीत.

हे होतं कशामुळं

हे समजून घेतलं तर बाकीचं आपोआप कळतं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. थार, जिमनी, जिप्सी, गुरखा, स्कॉर्पिओ-एनचं फोर बाय फोर मॉडेल, व्ही-क्रॉस, आत्ताची फॉर्च्युनर, या सगळ्या पार्ट-टाइम फोर बाय फोर आहेत. म्हणजे फोरएच लावलं की ट्रान्सफर केसमध्ये पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) एकमेकांना पक्के जोडले जातात, दोघांनी एकाच वेगानं फिरायचं, मधे वेगातल्या फरकाची सवलत देणारं डिफरन्शियल नाही. ॲक्सलला डिफरन्शियल असतं ते डाव्या-उजव्या चाकातला फरक सांभाळतं, पुढच्या-मागच्या ॲक्सलमधला नाही.

आता वळणावर पुढची चाकं मोठ्या गोलातून जातात आणि मागची आतल्या लहान गोलातून, बैलगाडी वळताना चाकोरी बघितली असेल तर लगेच कळेल. थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर आहे. मागचा ॲक्सल ५ मीटर त्रिज्येच्या गोलात फिरतोय असं धरलं तर पुढचा ॲक्सल साधारण ५.५७ मीटरच्या गोलात फिरतो. पूर्ण एक चक्कर मारली तर मागचा ॲक्सल ३१.४ मीटर चालला आणि पुढचा जवळजवळ ३५ मीटर. साडेतीन मीटरचा फरक! २५५/६५ आर १८ टायरचा घेर अडीच मीटरच्या आसपास, म्हणजे टायरचा जवळपास दीड फेरा झाला, आणि ॲक्सलचा रेशो चार धरला (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार फेरे) तर प्रोपेलर शाफ्टच्या साडेपाच-सहा फेऱ्यांचा हिशेब कुठंतरी चुकता व्हायला हवा.

चिखलात, वाळूत, सुट्या खडीवर तो टायर घसरून चुकता होतो, तुम्हाला कळतही नाही. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर टायर घसरत नाही, मग तो सगळा फरक शाफ्ट, शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस, चेन आणि गिअरच्या दातांमध्ये पीळ म्हणून साठतो. दातांवर एवढा दाब आला की ज्या स्लीव्हनं सरकून फोरएच सोडायचं ती दातांत घट्ट आवळली जाते. लिव्हर निघत नाही ती याच्यामुळं.

पहिलं: तुमची गाडी कुठल्या जातीची आहे ते बघा

याला एक मिनिट लागतं आणि निम्मा गोंधळ इथंच संपतो. एक्सयूव्ही ७०० चं ऑल व्हील ड्राइव्ह किंवा जुन्या डस्टरचं ऑल व्हील ड्राइव्ह मॉडेल असेल तर तिथं मागच्या चाकांना ताकद कपलिंगमधून गरजेपुरती जाते, ऑटो मोडमध्ये ती कोरड्या रस्त्यावर चालवायलाच बनवली आहे. डस्टरला लॉक मोड (पुढचा-मागचा ड्राइव्ह जोडून ठेवणारा) मात्र आहे, तो कोरड्यावर नको. पहिल्या पिढीची फॉर्च्युनर फोर बाय फोर ही फुल-टाइम होती, मधे डिफरन्शियल असलेली, तिला मधलं डिफरन्शियल लॉक केलेलं राहिलं तरच ही लक्षणं येतात. या गाड्या साध्या मोडमध्ये, लॉक न करता जखडत असतील तर ते नॉर्मल नाही, खालचं टायरचं तेवढं तपासा आणि मेकॅनिककडे जा. बाकी लिव्हर किंवा डायलवर टूएच, फोरएच, फोरएल (चारही चाकं, पण कमी वेग आणि जास्त जोर) असं लिहिलेलं असेल तर पुढं वाचा. गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल उघडा, त्यात कोरड्या पक्क्या रस्त्यावर वापरू नका ही सूचना सापडेल, आणि शिफ्ट किती स्पीडला करायचं तेही, ते प्रत्येक गाडीचं वेगळं आहे.

दुसरं: पीळ सोडवा, जोर लावू नका

लिव्हर अडकली असेल तर आधी हात काढा. मग सुरक्षित मोकळी जागा बघून स्टिअरिंग सरळ करा आणि रिव्हर्समध्ये अगदी हळू पाच-दहा मीटर मागं या. मागं येताना क्लच दाबा (ऑटोमॅटिक असेल तर ॲक्सिलरेटर सोडून न्यूट्रल), गाडी रांगत असतानाच लिव्हर टूएचकडे दोन बोटांनी ओढल्यासारखी हलकी ओढून धरा. दातांवरचा दाब उलट्या दिशेला वळतो, मधे एक क्षण असा येतो की दाब शून्य असतो, त्या क्षणी लिव्हर लोण्यासारखी येते. नाहीच आली तर ज्या वळणावरून पुढं आलात त्याच वळणावरून तसंच मागं जा, म्हणजे बसलेला पीळ तेवढाच उलटा सुटतो. तेही जमलं नाही तर दोन चाकं रस्त्याच्या कडेच्या मातीवर किंवा खडीवर घ्या आणि सरळ थोडं पुढं-मागं करा, टायर घसरला की सुटतं.

डायल किंवा बटणवाल्या गाड्यांत तुम्ही टूएच निवडलं तरी दिवा लुकलुकत राहतो, कारण मोटर स्लीव्ह ओढायला बघतेय पण दात आवळलेले आहेत. तिथं बटण परत परत दाबत बसू नका, एकदा टूएचवर ठेवा आणि सरळ थोडं मागं-पुढं करा, दिवा विझतो.

एक गाडी डोळ्यांसमोर आहे. कोकणातून आलेले लोक, बीचवर फोरएच लावलं, तिथून तसेच वर आले, गावातले काँक्रीटचे गल्लीबोळ, मग घाट, आणि सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर बेसमेंटच्या रॅम्पशी गाडी अडकली. मी पोचलो तेव्हा ड्रायव्हर सीटवर बसून दोन्ही हातांनी लिव्हर ओढत होता आणि त्याचा भाऊ बाहेरून गाडी हलवत होता. लिव्हरच्या मुळाशी रबरी बूट सुटून वर आला होता. त्याला म्हटलं, दादा हात सोडा, स्टिअरिंग सरळ करा, रिव्हर्स टाका. एका गाडीएवढं अंतर मागं गेली असेल नसेल, खाली मोठा खट्ट आवाज झाला आणि लिव्हर त्याच्या करंगळीनं टूएचला आली. दुर्दैवानं आधीच्या ओढाओढीत आतला शिफ्ट फोर्क (स्लीव्ह सरकवणारा चिमटा) वाकला होता, तो नंतर बदलावा लागला. पीळ फुकटात सुटला, खर्च झाला तो जोर लावल्याचा.

इथं दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. पीळ बसलेल्या गाडीचं एक चाक जॅकवर उचलायला जाऊ नका. चाक जमिनीवरून सुटलं की साठलेला सगळा पीळ एकदम सुटतो, चाक झटक्यात फिरतं, गाडी जॅकवरून पडू शकते. दुसरं, लिव्हर हलवताना ट्रान्सफर केस चुकून न्यूट्रलला गेली तर मेन गिअर पहिल्यात असो की ऑटोमॅटिक पार्कमध्ये असो, गाडीला कोणी धरलेलं नसतं. उतारावर असाल तर हँडब्रेक आणि चाकाला दगड, मगच खाली उतरा.

तिसरं: दिवा खरं बोलतोय का

लिव्हर टूएचला आहे, दिवा तरी पेटलेला आहे. यात दोन शक्यता, एक तर अजून फोरएच खरंच लागलेलं आहे, नाहीतर ट्रान्सफर केसवरचा स्विच किंवा त्याचा कनेक्टर चिखलानं, पाण्यानं खराब झालाय. ओळखायचं कसं, तर मोकळ्या मातीच्या मैदानात जा, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि क्लच सोडून आयडलवर गोल फिरा. गाडी मोकळी पळाली, पुढच्या टायरनं माती ओरबाडली नाही, तर ड्राइव्ह सुटलेला आहे आणि दोष स्विचचा. अडखळली, माती खरवडली, तर ड्राइव्ह लागलेलाच आहे. मातीवरच करायला सांगतोय कारण चुकून फोरएच लागलेलं असलं तर तिथं नुकसान होत नाही. कनेक्टर काढून साफ करून परत बसवणं घरी जमतं, स्विचही फार महाग पार्ट नसतो. उलटही होतं बरं का, दिवा बंद आणि ड्राइव्ह लागलेला, आणि हे जास्त वाईट कारण माणूस निर्धास्त चालवत राहतो. म्हणून लक्षणावर विश्वास ठेवा, दिव्यावर नंतर.

चौथं: टायर

वारंवार तीच तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त सापडलेलं कारण हे आहे, आणि याच्याकडे कुणी बघत नाही. मालक म्हणतो मी वळणावर फोरएच लावतच नाही, फक्त सरळ कच्च्या रस्त्यावर लावतो, तरी लिव्हर अडकते. टायर बघितले की दोन नवीन, दोन जुने. आपल्याकडे खर्च वाचवायला दोन-दोन टायर बदलायची पद्धत आहे, टूएचमध्ये त्यानं काही बिघडत नाही, फोरएचमध्ये बिघडतं. पुढच्या-मागच्या टायरच्या नक्षीत ४ मिलिमीटरचा फरक असेल तर घेरात साधारण २५ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे १ टक्का फरक पडतो. म्हणजे नाकासमोर सरळ चालतानाही दर किलोमीटरला दहा मीटरचा हिशेब थकतो! वळणाची गरजच नाही, सरळ रस्त्यावरच पीळ बसत जातो.

आधी हवा चारही चाकांत दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, हे फुकट आहे. बीचवर किंवा ऑफरोडला हवा कमी केली असेल आणि मागचीच भरली, पुढची राहिली, असंही बघितलंय. मग चारही टायरचा साइज वाचा, कंपनी आणि मॉडेल वाचा. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकाच साइजचे टायरही घेरात थोडे वेगळे असतात. स्टेपनी लावलेली असेल तर ती कधीची आहे ते बघा, थारची मागं टांगलेली स्टेपनी बऱ्याचदा गाडी घेतल्यापासून नवीच असते.

आणि मोजायचं असेल तर खडूची युक्ती करा, टेप लागत नाही. सपाट पार्किंगमध्ये गाडी टूएच, न्यूट्रलमध्ये, स्टिअरिंग सरळ. एकाच बाजूच्या पुढच्या आणि मागच्या टायरवर जिथं टायर जमिनीला टेकतो तिथं खडूची रेघ मारा. दोघा-तिघांनी गाडी सरळ ढकला, मागच्या टायरचे बरोब्बर दहा फेरे मोजा, मागची रेघ परत खाली जमिनीला आली की थांबा. आता पुढची रेघ बघा. तीही खालीच असेल तर टायर जुळतात. तिथून वीतभर पुढं-मागं गेली असेल तर तुमचं दुखणं सापडलं. १ टक्का फरक असेल तर दहा फेऱ्यांत रेघ पाव मीटर सरकलेली दिसते, न दिसायचा प्रश्नच नाही. दुसऱ्या बाजूलाही करा.

मी नक्षीतला फरक २-३ मिलिमीटरच्या वर ठेवू देत नाही. टायर ८-१० हजार किलोमीटरला स्टेपनीसकट पाचही फिरवत राहिलात तर हा प्रश्न येतच नाही. नवीन घ्यायची वेळ आली की चारही एकदम घ्या. महाग पडतं, कळतंय मला, पण ट्रान्सफर केसची चेन त्याहून महाग आहे. अगदीच जमत नसेल तर चार जुळेपर्यंत फोरएच फक्त खऱ्या चिखलात-वाळूत लावा आणि बाहेर आलात की लगेच काढा.

पाचवं: हब

जुनी जिप्सी, जुन्या महिंद्रा जीप यांना बरेच जण बाहेरून हातानं फिरवायचे फ्री व्हीलिंग हब (पुढचं चाक ॲक्सलला जोडणारे-सोडणारे) लावतात. दोन्ही हब एकाच खुणेवर आहेत का बघा. एक लॉक आणि एक फ्री राहिला तर गाडी विचित्र वागते आणि फोरएच लावूनही पुढून ओढत नाही. जिमनीचे हब व्हॅक्यूमवर चालतात, बारीक रबरी नळ्या असतात, त्यातली एखादी निसटली किंवा चिरली की हब लागायला किंवा सुटायला त्रास देतो. नळ्या चाकाच्या आतल्या बाजूनं नुसत्या डोळ्यांनी तपासा, टोकं घट्ट आहेत का बघा. एवढंच करा, हब उघडू नका, आतलं ग्रीस आणि सील नीट बसलं नाही तर पाणी जातं.

सहावं: टूएचमध्येही जखडत असेल तर

मग ही फोर बाय फोरची भानगड नसण्याचीच शक्यता जास्त. वीस मिनिटं साधी गाडी चालवून उतरा आणि चारही रिमजवळ हात न लावता तळहात धरा, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर ब्रेकचा कॅलिपर किंवा हँडब्रेकची केबल अडकलीय. वळणावर कटकटकट असा तालात आवाज येत असेल तर सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद देणारा वाकता सांधा) बघायला द्या. निघताना-थांबताना टक्क असा आवाज आणि मधल्या स्पीडला थरथर असेल तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस गेलेत. गुरखाला पुढं-मागं डिफ लॉक (ॲक्सलची डावी-उजवी चाकं एकत्र जखडणारे) आहेत, त्यातला एखादा लागलेला राहिला नाही ना तेही बघा, डिफ लॉकवर गाडी वळायलाच मागत नाही आणि लक्षणं हुबेहूब अशीच वाटतात.

पावसाळ्यातल्या घाटाबद्दल

हे मुद्दाम लिहितोय. ताम्हिणी, वरंधा, आंबोली, पाऊस लागला की "ग्रिप जास्त मिळेल" म्हणून लोक पायथ्यालाच फोरएच लावतात आणि वरपर्यंत तसेच जातात. ओलं डांबर म्हणजे चिखल नव्हे. हेअरपिनला टायर अर्धवट धरून ठेवतो, पीळ बसत राहतो आणि मग एकदम सुटतो, त्या क्षणी पुढची चाकं वळणात न जाता सरळ जायला बघतात. शिवाय ब्रेकला फोर बाय फोरनं काहीही फायदा नाही, थांबायला प्रत्येक गाडीला चारच चाकं. घाटात टूएच, खालचा गिअर आणि कमी स्पीड. दरड कोसळून रस्त्यावर चिखल आलाय, तेवढ्या पट्ट्यात फोरएच लावा, पलीकडं गेलात की सरळ रस्ता बघून काढा. मनालीकडे बर्फात जाणाऱ्यांनाही तेच सांगतो, बर्फ तुटक-तुटक असेल तर सरळ पट्ट्यात चालेल, पण कोरड्या हेअरपिनला नको.

इथं थांबा, मेकॅनिक बोलवा

मागं-पुढं करून, मातीवर नेऊन दोन-चार वेळा प्रयत्न झाले आणि तरी ड्राइव्ह सुटत नाही, तर बास. ट्रान्सफर केसच्या जोडावरून तेल गळतंय, खालून दात घासल्याचा खरखर आवाज येतोय, फोरएचमध्ये जोर दिला की आतून कडकड करून उडी मारल्यासारखं होतंय (चेन ढिली झाल्याचं लक्षण), लिव्हर मोकळी हलते पण काहीच लागत नाही, बटणवाल्या गाडीत दिवा लुकलुकायचा थांबतच नाही, यातलं एक जरी असेल तर पुढं स्वतः काही करू नका. बटणवाल्याला स्कॅनर लावावा लागतो, अंदाजानं मोटर बदलून पैसे घालवू नका.

ट्रान्सफर केसचं तेल बदलणं हौशी माणसाला जमतं, पण ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलेलीच घाला, काहींना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं काहींना गिअर ऑइल, गॅरेजवाला "सगळ्यांना हेच चालतं" म्हणाला तरी ऐकू नका. काढलेलं तेल स्वच्छ डब्यात घ्या, उन्हात धरा. तेल काढायच्या बोल्टच्या मॅग्नेटवर बारीक राखाडी लेप असणं नेहमीचं आहे, चमचमणारे तुकडे किंवा दाताचा टवका दिसला तर नवीन तेल घालून चालवू नका, केस उघडावीच लागेल.

अडकलेल्या अवस्थेत गाडी न्यायचीच असेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत हळू, मोठी वळणं घेत, यू-टर्न टाळून न्या. लांब असेल तर टोइंगवाल्याला फोनवरच सांगा की गाडी फोर बाय फोरमध्ये अडकलीय, चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड पाठवा. पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर ओढली तर मागच्या चाकांनी फिरवलेला ड्राइव्ह पुढं जातो आणि उचललेली चाकं हवेत गरगरतात, मग जे वाचलं असतं तेही जातं. तो आकडा लावून ओढायचा आग्रह करेल, करू देऊ नका.

मेकॅनिककडे पोचल्यावर त्याला एवढं सांगा: शेवटचं फोरएच कुठल्या रस्त्यावर लावलं होतं, लिव्हरवर जोर दिला होता का, टायर कधी आणि किती बदलले, आणि खडूची रेघ किती सरकली. एवढं कळलं की त्याला केस न उघडताही बरंच समजतं, आणि हे न विचारता जो थेट "ट्रान्सफर केस खोलू" म्हणतो त्याच्याकडून गाडी परत घ्या आणि दुसरीकडे दाखवा.